इंधनाचं बिल दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चढतं: गळती कुठे शोधायची

लक्षण ओळखीचं आहे. एखाद्या महिन्यात इंधनाचं बिल डोळ्यांत खुपतं. आपण सगळ्यांना बसवून सांगतो, गाडी जपून चालवा, उगाच फिरू नका. टायरमध्ये हवा भरली जाते, सर्व्हिसिंग उरकलं जातं. पुढच्या महिन्यात बिल उतरतं. तिसऱ्या महिन्यात ते पुन्हा तिथंच येऊन बसतं, कधी त्याहून वर. कामं मात्र जवळपास तेवढीच असतात.

घरोघरी जाऊन यंत्रं दुरुस्त करण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. तीन कारागीर, दोन मोटरसायकली आणि जड सामानासाठी एक लहान व्हॅन. हे चक्र माझ्याकडे तीनदा फिरलं. पहिल्या दोन वेळा मी रागावलो, सूचना दिल्या आणि बिल उतरल्यावर विसरून गेलो. तिसऱ्या वेळी वही घेऊन बसलो. त्या वहीतून जे निघालं ते इथं लिहितो आहे. काम नळदुरुस्तीचं असो, कीडनियंत्रणाचं असो की संगणकदुरुस्तीचं, माणूस ग्राहकाच्या दारात जात असेल तर हिशेब हाच राहतो.

बिल हा गुणाकार आहे

इंधनाचं बिल म्हणजे पाच आकड्यांचा गुणाकार. महिन्यात किती कामं मिटवली, एका कामामागे किती फेऱ्या झाल्या, एका फेरीला किती किलोमीटर पडले, एका किलोमीटरला किती इंधन लागलं आणि इंधनाचा दर काय होता. बिलावर फक्त शेवटचं उत्तर दिसतं. यातला कुठला आकडा हलला हे न बघता उपाय करणं म्हणजे ताप कशाचा ते न तपासता गोळी देणं. ताप उतरतो आणि पुन्हा चढतो.

म्हणून पहिलं काम, आकडे सुटे करणं. त्याला ॲप लागत नाही. एका वहीत रोज प्रत्येक गाडीमागे एक ओळ: तारीख, सकाळचं ओडोमीटर, संध्याकाळचं ओडोमीटर, किती दारांत गेलो, त्यातली किती कामं मिटली. इंधन भरलं त्या दिवशी त्याच ओळीत लिटर. एवढंच. आम्ही सुरुवातीला बारा रकाने आखले होते, ते आठवड्याभरात कोणी भरेना. पाच रकाने मात्र आजही भरले जातात.

इंधन मोजताना एक पथ्य पाळावं लागतं. टाकी दर वेळी फुल करायची आणि पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते तिथंच थांबायचं. मागच्या फुल टाकीपासून आतापर्यंतचे किलोमीटर भागिले आत्ता मावलेले लिटर, हा खरा ॲव्हरेज. थोडं थोडं भरत राहिलं तर टाकीत आधीच किती होतं ते कळत नाही आणि सगळा हिशेब हवेत जातो. एकाच भरण्यावरूनही निष्कर्ष काढू नका. नळी कधी थोडी आधी तुटते, कधी नंतर, गाडी जरा तिरकी उभी असली तरी फरक पडतो. तीन-चार भरण्यांची एकत्र बेरीज करून भागाकार केला की आकडा स्थिर होतो.

ॲव्हरेजच्या बाबतीत आपली नजर फसते, तेही इथंच सांगतो. समजा मोटरसायकल लिटरला ५० किलोमीटर देते आणि काहीतरी करून ती ६० देऊ लागली. व्हॅन १० देते, ती १२ देऊ लागली. ऐकायला मोटरसायकलीची सुधारणा मोठी वाटते. आता दोघीही महिन्याला ६०० किलोमीटर चालतात असं धरा. मोटरसायकलीला आधी १२ लिटर लागत होते, आता १० लागतात. वाचले २. व्हॅनला आधी ६० लागत होते, आता ५०. वाचले १०. म्हणून वहीत मी लिटरला किती किलोमीटर हे लिहिणं सोडलं आणि १०० किलोमीटरला किती लिटर हे लिहायला लागलो. तसं लिहिलं की मोठं छिद्र कुठल्या गाडीला आहे ते आपोआप समोर येतं. आमच्याकडे व्हॅन निव्वळ सवयीने छोट्या कामांनाही बाहेर पडत होती. ते थांबवायला एका मोटरसायकलीला मागे पेटी बसवावी लागली, बस.

संशय घेण्याआधी

आमच्यातल्या एका कारागिराच्या गाडीचं बिल दुसऱ्यापेक्षा जवळपास दीडपट यायचं. मी मनातून त्याच्यावर संशय घेतला आणि एकदा तसं बोलूनही गेलो. किलोमीटर आणि लिटर वेगळे केल्यावर दिसलं की त्याची गाडी दुसरीपेक्षा चांगला ॲव्हरेज देत होती. लांबची कामं त्याच्या वाट्याला येत होती, कारण तो कधी नाही म्हणत नसे. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तुमच्याकडे अशी कुजबुज चालू असेल तर कळकळीने सांगतो, आकडे सुटे केल्याशिवाय माणसाकडे बोट दाखवू नका. चांगला कारागीर दुखावला गेला तर इंधनाच्या कितीतरी टाक्यांएवढं नुकसान होतं.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट सापडली. मी रागावल्यानंतरच्या महिन्यात बिल का उतरायचं, त्याचं उत्तर. लांबची कामं पुढे ढकलली जात होती. ग्राहकाला "सोमवारी येतो" सांगायचं, सोमवारी "पार्ट आला नाही" सांगायचं. महिना संपला की ती सगळी तुंबलेली कामं एकदम निघायची, तीही घाईत, वेगवेगळ्या दिशांना, एकेकट्या फेऱ्यांनी. म्हणजे चढलेलं बिल हे उतरलेल्या बिलाचंच देणं होतं. एकच महिना बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तीन महिन्यांची सरासरी घ्या.

हेलपाटे

आता मुख्य गोष्ट. वहीत "किती दारांत गेलो" आणि "किती कामं मिटली" हे दोन रकाने शेजारी आहेत. त्यांतला फरक म्हणजे हेलपाटे. आम्हाला वाटत होतं, असतील दहात एखादा. निघाले त्याच्या कितीतरी पट.

हिशेब करून बघा. समजा १०० कामं आली. ७० पहिल्याच फेरीत मिटली आणि ३० साठी दुसऱ्यांदा जावं लागलं. फेऱ्या झाल्या १३०. आता पहिल्या फेरीत मिटणारी कामं ८५ झाली, तर फेऱ्या होतात ११५. पंधरा फेऱ्या कमी, म्हणजे साडेअकरा टक्के किलोमीटर कमी, आणि त्यासोबत कारागिराचा तेवढा वेळही मोकळा. गाडीला हात न लावता एवढी बचत देणारा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

हेलपाटा का पडला, ते त्याच दिवशी वहीत एका शब्दात लिहायचं. आमच्याकडे चार शब्द पुरले: पार्ट, कुलूप, निदान, उलटं. पार्ट म्हणजे लागणारा सुटा भाग जवळ नव्हता. कुलूप म्हणजे ग्राहक घरी नव्हता. निदान म्हणजे फोनवर एक तक्रार ऐकली आणि तिथं निघालं भलतंच. उलटं म्हणजे दुरुस्ती टिकली नाही, तेच काम परत आलं. महिनाभरात कुठला शब्द जास्त वेळा आला ते मोजायचं आणि आधी त्याच्याच मागे लागायचं.

आमच्याकडे पार्ट आणि निदान हे दोन शब्द भरभरून आले. दोन्हींचं मूळ एकच होतं, तक्रार घेणारा फोन. ग्राहक म्हणायचा "मशीन चालत नाही", आणि आम्ही पत्ता लिहून घेऊन निघायचो. आता तक्रार घेतानाच यंत्राच्या पाटीचा फोटो मागवतो. त्या पाटीवर मॉडेल क्रमांक असतो आणि त्याच्यावरून कुठला भाग लागू शकतो ते आधीच कळतं. आवाज येत असेल तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. पडद्यावर एरर कोड दिसत असेल तर त्याचा फोटो. वीज येते आहे का, पाण्याचा कॉक उघडा आहे का, हेही फोनवरच विचारतो. काही कामं या प्रश्नांवरच मिटतात. तिथं जाऊन एक बटण दाबून फेरीचे पैसे मागणं मला कधीच पटलं नव्हतं, त्यामुळे त्या गेलेल्या कमाईचं दुःख नाही. ते ग्राहक पुढच्या मोठ्या कामाला आपल्यालाच बोलावतात.

सुटे भाग जवळ बाळगायचे म्हटलं की लगेच शंका येते, गाडी जड होईल, इंधन जास्त लागेल. शंका रास्त आहे, पण तिचं माप घ्या. साधारण चारचाकीत ४५ किलो वजन वाढलं की इंधनाचा खर्च सुमारे १ टक्का वाढतो. व्हॅन दिवसाला ५० किलोमीटर चालत असेल तर ते ४५ किलो रोज अर्ध्या किलोमीटरएवढं इंधन खातात. एक पार्ट आणायला दुकानापर्यंत जाऊन-येऊन १४ किलोमीटरचा हेलपाटा पडत असेल, तर महिन्याभरात तो एक जरी वाचला तरी वजनाचा खर्च भरून निघतो. फक्त सोबत काय घ्यायचं ते वहीवरून ठरवा. मागच्या तीन महिन्यांत पार्ट या कारणाने पडलेले हेलपाटे काढा आणि सगळ्यात जास्त वेळा अडलेले भाग तेवढे ठेवा. वर्षातून एकदा लागणारी मोटर गाडीत फिरवत बसण्यात अर्थ नाही.

कुलपाचा इलाज अगदी साधा निघाला. सकाळी सगळ्यांना फोन करून वेळ ठरवली तरी दुपारी कुलूप मिळायचं. आता आधीच्या कामावरून निघताना पुढच्या ग्राहकाला फोन जातो, आणि "निघालो, वीस मिनिटांत पोचतो" याला उत्तर मिळाल्याशिवाय गाडी चालू होत नाही. रिकाम्या दारापर्यंत गेल्याचा आकार लावावा का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मी लावत नाही. आधी सांगितल्याशिवाय लावलेला आकार भांडण आणतो, आणि सांगून लावायचा तर तो फोनवर तक्रार घेतानाच स्पष्ट बोलावा लागतो.

उलटं हे कारण मात्र इंधनाच्या हिशेबात मिटत नाही. तो कामाच्या दर्जाचा प्रश्न आहे. काम संपल्यावर यंत्र पूर्ण एक फेरा चालवून बघायचं, ग्राहकासमोर. त्यात पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यासाठी घाई करू नका.

कामांचा क्रम

हेलपाटे कमी झाले की उरलेल्या फेऱ्यांचा क्रम हाती घ्यायचा. दिवसाला दहा ठिकाणी जायचं असेल तर दुकानातून निघून परत येईपर्यंत ती दहा ठिकाणं ३६,२८,८०० वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात. पाच ठिकाणांना १२०. यातला सगळ्यात चांगला क्रम डोक्याने काढणं अशक्य आहे आणि तशी गरजही नसते. उघड वाईट क्रम टाळला तरी बहुतेक फायदा मिळून जातो.

हा प्रश्न जुना आहे. १९५९ मध्ये जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर या संशोधकांनी तो गणितात मांडला, आणि त्यांच्यासमोरचं उदाहरणही पेट्रोल पंपांना इंधन पोचवणाऱ्या ट्रकांचंच होतं. १९६४ मध्ये क्लार्क आणि राइट यांनी त्यावर एक सोपी रीत काढली. ती कागदावर करता येते, म्हणून आम्ही रोज वापरतो.

रीत अशी. दुकानापासून पहिलं घर ९ किलोमीटर, दुसरं ११. त्या दोन घरांत आपसांत ३ किलोमीटर. वेगवेगळ्या फेऱ्या केल्या तर १८ आणि २२, मिळून ४०. एकाच फेरीत दोन्ही घेतली तर ९ अधिक ३ अधिक ११, म्हणजे २३. वाचले १७. हे १७ थेटही काढता येतात: दोन्ही घरांची दुकानापासूनची अंतरं मिळवा आणि त्यातून त्यांचं आपसातलं अंतर वजा करा. ज्या जोडीत हा आकडा सगळ्यात मोठा, ती जोडी आधी बांधायची. मग त्या जोडीच्या एका टोकाला पुढचं घर, मग पुढचं, असं करत दिवस भरेपर्यंत.

या रीतीने माझी एक समजूत मोडली. मी जवळची कामं आधी जुळवत बसायचो, कारण ती डोळ्यांसमोर असतात. आकडा सांगतो की दुकानापासून लांब आणि एकमेकांजवळ असलेली घरं आधी जुळवायची. जवळच्या घराची एकटी फेरी पडली तरी तिचा भार थोडा असतो. लांबची एकटी फेरी दिवस खाते.

त्यातूनच आमचे वार ठरले. लांबच्या प्रत्येक भागाला आठवड्यातले दोन दिवस. फोन आला की ग्राहकाला आधी तेच दिवस सुचवायचे. "तुमच्या भागात आमचा माणूस मंगळवारी आणि शुक्रवारी असतो" हे वाक्य लोकांना आवडतं, त्यात भरवसा असतो. पाणी गळतंय, शॉर्टसर्किटची भीती आहे, घरात आजारी माणूस आहे, अशा वेळी वार बघायचा नाही. ती फेरी खर्चाची म्हणून वहीत वेगळी लिहायची आणि जायचं.

आणखी एक छोटी सवय बदलली. प्रत्येक कामानंतर दुकानात परतायचं, चहा, गप्पा, मग पुढचा पत्ता. पुढचे पत्ते सकाळीच फोनवर जायला लागल्यापासून मधली परतीची खेप गेली. थंड इंजिन हाही यातला लपलेला खर्च आहे. इंजिन गार असताना केलेल्या अनेक छोट्या फेऱ्यांना, तेवढ्याच अंतराच्या गरम इंजिनाने केलेल्या एका लांब फेरीच्या दुप्पट इंधन लागू शकतं. ओळीने केलेली कामं यामुळेही स्वस्त पडतात.

परीघ नकळत पसरतो

सगळं सुधारूनही वर्षभरात बिल पुन्हा चढलं, तर परीघ तपासा. माझ्याकडे हेच झालं. एखादा जुना ग्राहक घर बदलून लांब जातो आणि तिथून बोलावतो. आपण जातो. तो शेजाऱ्याला नंबर देतो. आपण तिथंही जातो. कोणी निर्णय घेतलेला नसतो, पण सेवेचं वर्तुळ मोठं झालेलं असतं.

वर्तुळाचं गणित निष्ठुर आहे. कामं सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर केंद्रापासूनचं सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन तृतीयांश असतं. त्रिज्या ६ किलोमीटर असताना सरासरी ४, त्रिज्या १२ झाली की सरासरी ८. पण क्षेत्रफळ मात्र चौपट होतं. तेवढीच कामं चौपट जागेत विखुरली की दोन कामांमधलं अंतरही वाढतं, आणि वरची जोड्या बांधायची रीत निम्मी निकामी होते.

मी नकाशावर तीन महिन्यांची सगळी कामं टिंबांनी मांडली. दाट पुंजका एकीकडे आणि चारी दिशांना विरळ शिंतोडे. विरळ दिशांपैकी एकीकडे कामं खरंच वाढत होती, ती ठेवली आणि तिला वार दिला. बाकीच्या दिशांच्या ग्राहकांना त्यांच्या जवळच्या चांगल्या कारागिराचा नंबर दिला. सोपं नव्हतं. जुन्या माणसाला नाही म्हणताना जीभ अडते. पण ज्याच्याकडे आपण महिन्यातून एकदा, तेही उशिरा पोचणार, त्याची सोय दुसरा माणूस जास्त चांगली करतो.

गाडी

गाडीवर सगळे आधी उड्या मारतात, मी ती मुद्दाम शेवटी ठेवली. १०० किलोमीटरला लागणारे लिटर वहीत खरोखर वाढलेले दिसले तरच इथं वेळ घाला.

हवा: चारचाकीत चारही टायरांतली हवा सरासरी १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के घटतो. म्हणजे ५ पीएसआय कमी असली तर साधारण १ टक्का. टायर लवकर झिजतो आणि ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, म्हणून हवा भरायचीच, पण बिल अर्धं होईल अशी आशा धरू नका. गाडी तीन तास उभी असताना, टायर थंड असताना मोजा.

ब्रेक चिकटणं हे मात्र मोठं कारण असतं आणि ते कोणी बघत नाही. मोटरसायकल मधल्या स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. व्हॅन चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, धातूला लावू नका. एकच चाक जास्त तापलेलं जाणवलं तर तिथं ब्रेक धरून बसला आहे. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी तेवढी पळत नाही. चेन कोरडी किंवा फार ताणलेली असेल तर तेही लिटरांत दिसतं.

एअर फिल्टरबद्दल एक जुनी समजूत आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की इंधन जास्त जातं, हे बरोबर. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत संगणक हवेच्या मानाने इंधन कमी करतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेजपेक्षा गाडीची उचल कमी होते. तिथं ॲव्हरेज अचानक पडला तर ऑक्सिजन सेन्सर आणि थर्मोस्टॅट तपासायला सांगा. सेन्सर पूर्ण बिघडला असेल तर तो दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागलेला असताना "चालतंय ना" म्हणून महिनोन्महिने गाडी चालवणं फार महाग पडतं.

वेगाबद्दल थोडंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि व्हॅनच्या टपावर शिडी बांधलेली असेल तर त्यात आणखी भर. शिडी लागणार नसेल त्या दिवशी उतरवून ठेवा. ग्राहकाच्या दारात इंजिन चालू ठेवून थांबू नका. उभ्या चारचाकीचं इंजिन आकारानुसार तासाला अर्ध्या ते दोन लिटरपर्यंत पितं.

भत्ता आणि दर

कारागीर स्वतःची गाडी वापरत असेल तर त्याला इंधन कसं द्यायचं यावर बरंच काही ठरतं. महिन्याला ठोक रक्कम दिली की ज्याच्या वाट्याला लांबची कामं आली तो खिशातून भरतो. आणलेल्या पावतीप्रमाणे दिलं की घरचं आणि कामाचं वेगळं करता येत नाही. आम्ही किलोमीटरप्रमाणे देतो, पण त्या दिवशी ठरवून दिलेल्या क्रमाच्या नकाशावरच्या अंतराने. वाटेत रस्ता बंद असला तर तो सांगतो, आम्ही वाढवतो. या दरात फक्त इंधन धरू नका. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग आणि गाडीची झीज हेही त्याच किलोमीटरांवर होतं, आणि ते न देणं म्हणजे त्याच्या गाडीवर आपला धंदा चालवणं.

शेवटी इंधनाचा दर. आधीचे चारही आकडे जागेवर आहेत आणि तरीही बिल वाढलं, तर दर वाढला आहे, आणि मग फेरीचा आकार, म्हणजे ग्राहकाकडून घ्यायचे पैसे, वाढवणं हाच उपाय. किती वाढवायचा ते अंदाजाने ठरवू नका. तुमच्या फेरीच्या आकारात इंधनाचा वाटा काढा. समजा तो १२ टक्के आहे आणि इंधन २० टक्क्यांनी महागलं. १२ चे २० टक्के म्हणजे २.४. आकार २.४ टक्क्यांनी वाढवला की खड्डा भरतो. बरेच जण इंधन २० टक्क्यांनी वाढलं म्हणून आकारही २० टक्क्यांनी वाढवतात आणि ग्राहक गमावतात, किंवा भीतीने काहीच वाढवत नाहीत आणि वर्षभर स्वतः सोसतात. हिशेब केला की बोलायला धीर येतो. आणि दर खाली आला तर त्याच सूत्राने आकार खाली आणायचा, तेव्हाही ग्राहकाला सांगून.

सध्या दर शनिवारी आम्ही चौघं दहा मिनिटं वहीभोवती बसतो. एकच आकडा मोठ्याने वाचला जातो: एका मिटलेल्या कामामागे किती किलोमीटर पडले. तो मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा एक दशांशाने वर गेला तर त्या आठवड्याचे हेलपाटे आणि त्यांची कारणं एकेक करून वाचतो. गेल्या आठवड्यात तो वर गेला होता. कारण निघालं एकाच घराच्या चार फेऱ्या, चारही वेळा वेगळं निदान. सोमवारी तिथं आमचा तोच कारागीर जाणार आहे ज्याच्यावर मी संशय घेतला होता, कारण त्या यंत्रातलं त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.